नाव घेणारे गाणे

आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि गेटवरच्या सभांत झाले. संगीतशास्त्र आम्हांस अवगत नाही. तरीही अमेरिकेतील लोकगायक वुडी गथ्री यांच्याविषयी चार शब्द सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. कारण हा गायक कष्टकऱ्यांतला होता.

गथ्रींचा जन्म १९१२ साली ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा गावी झाला. १९३५ च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधील पॅम्पा येथे त्यांनी धुळीचे प्रचंड वादळ पाहिले. शेते उजाड झाली, कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे निघाली. गथ्रीही त्याच वाटेने गेले. लॉस एंजेलिसच्या रेडिओवरून ते या विस्थापितांसाठी गाऊ लागले. १९४० मध्ये त्यांच्या धुळीवरील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढल्याच वर्षी कोलंबिया नदीवरील धरणांच्या प्रचारासाठी सरकारी वीज खात्याने त्यांना महिनाभर कामावर ठेवले. त्या एका महिन्यात त्यांनी २६ गाणी लिहिली.

हे साधले कसे? त्यांची रीत सरळ होती. चाल बहुधा जुनी, लोकांच्या ओठांवरची. गिटारवर दोन-तीन स्वरमेळ. शब्द मात्र नवे, रोजच्या बोलण्यातले. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दांकडे जाते, आणि ध्रुपद दुसऱ्यांदा आले की तो स्वतःच गाऊ लागतो.

परंतु साधेपणा म्हणजे ढिलाई नव्हे. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस दरीत विमान कोसळून ३२ माणसे मेली. त्यांपैकी २८ जण मायदेशी परत पाठविले जाणारे मेक्सिकन शेतमजूर होते. गथ्रींपर्यंत पोचलेल्या बातमीत हे मजूर नुसते ‘हद्दपार’ होते. त्यांना नावे नव्हती. गथ्रींनी ‘डिपोर्टी’ हे गीत लिहिले, आणि खरी नावे ठाऊक नसल्याने आपल्या मनाने नावे देऊन त्यांचा निरोप घेतला. त्या गीताला चाल पुढे दुसऱ्याने लावली. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्यांच्या सामायिक थडग्यावर केवळ आकडा होता; २०१३ साली तेथे सर्वांची नावे कोरली गेली.

हंटिंग्टनच्या आजाराने गथ्रींचे हात थांबविले, वाणीही हिरावली. १९६१ साली तरुण बॉब डिलन त्यांच्या भेटीस गेला, तेव्हा ते रुग्णालयातच होते. १९६७ मध्ये ते वारले.

‘अपघातात तीन कामगार दगावले’ असे आम्ही सभांतून किती वेळा बोललो! मागणीसाठी आकडा लागतो, हे खरे. पण आकड्याला आईबाप नसतात. यापुढे आमच्या फलकावर आधी नावे येतील, मग आकडा.