हवामान बदलाची बातमी : मान डोलावण्यापूर्वी

मे महिना आला की चंद्रपूरचे नाव उन्हामुळे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. मग चहाच्या टपरीवर, विहारात, एस.टी. स्टँडवर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, "आपल्याकडे ऊन काय आजचे आहे?" दुसरा म्हणतो, "हे सारे मोठ्या देशांचे थोतांड." तिसरा विचारतो, "कोळसा बंद झाला तर आमच्या पोरांनी खायचे काय?" आणि चौथा सोलरची जाहिरात दाखवून सांगतो, "आता वीज फुकटच होणार!" या चारही बोलण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. म्हणून ती हसण्यावारी न नेता एकेक करून तपासावीत, असे आम्हास वाटते.

प्रथम उन्हाविषयी. चंद्रपुरात 2 जून 2007 रोजी 49 अंश आणि 28 मे 2019 रोजी 48 अंश तापमान नोंदले गेले. मग तापमान घटलेच की, असे कोणी म्हणेल. परंतु एका दिवसाच्या मजुरीवरून घरची परिस्थिती ठरत नाही, तसे एका दिवसाच्या आकड्यावरून हवामान ठरत नाही. त्यासाठी साधारणतः तीस वर्षांची सरासरी पाहतात. कारखानदारी सुरू होण्यापूर्वीच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे आणि 2024 हे आजवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. एक अंश ऐकावयास लहान वाटतो. पण ऐन उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला आणि वीटभट्टीवरील मजुराला तो लहान नाही. उन्हाची सवय असते, हे खरे. पण शरीराच्या सहनशक्तीला मर्यादा आहे.

दुसरे, थोतांडाविषयी. हा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल. 12 किलो कार्बन पूर्ण जळला की तो हवेतील 32 किलो प्राणवायू घेतो व 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कारखानदारीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता, आज तो 420 च्या वर आहे. हा वायू उष्णता अडवून धरतो. त्यात श्रीमंत देशांचा वाटा मोठा आहे, ही तक्रार रास्तच आहे. पण दोष कोणाचा हा एक प्रश्न, आणि ताप खरा की खोटा हा दुसरा. या दोहोंची गल्लत करू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर, कारण तो पोटाचा आहे. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज 2920 मेगावॅट आहे. त्यावर आणि भोवतालच्या कोळसा खाणींवर हजारो घरांच्या चुली पेटतात. त्याच चंद्रपूरचा समावेश 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला. म्हणजे एकाच धुराड्यातून पगारही येतो आणि खोकलाही. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी 2070 साल जाहीर केले आहे, त्यामुळे कोळसा उद्याच बंद होणार नाही. तथापि या केंद्रातील 210 मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झालेच आहेत. 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला त्यातले काय येणार, हे विचारण्याची वेळ संच बंद झाल्यानंतरची नव्हे, आजची आहे.

चौथे, फुकट विजेविषयी. फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. तीन किलोवॅटसाठी 78,000 रुपये अनुदान मिळते. उरलेला खर्च स्वतः किंवा कर्जाने करावा लागतो. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात कमी. ऊन कडक म्हणजे वीज जास्त, हाही गैरसमज आहे. पॅनेल उजेडावर चालते, तापले की उलट त्याची वीज थोडी घटते. आणि मुख्य म्हणजे स्वतःचे भक्कम छत हवे. भाड्याच्या खोलीत किंवा कवेलूच्या घरात राहणाऱ्याने काय करावे?

म्हणून सौर वीज वाईट, असे नव्हे, ती हवीच. पण ऊर्जा 'स्वच्छ' आहे एवढ्यावरून ती आपोआप न्याय्य होत नाही. गडचिरोलीने हे पूर्वीच ओळखले. जलविद्युतही विनाधुराची वीज; तरी 1980 च्या दशकात इचमपल्ली व भोपालपटनम धरणांना येथील आदिवासींनी विरोध केला, कारण त्यांची गावे व जंगल बुडणार होते. त्या चळवळीतून जागे झालेल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट काढले, माहिती मिळवून, चर्चा करून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत पाडली आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. देशाच्या वीज धोरणाचा पाया घालण्याचे कामही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त व मुबलक मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत व गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. वीज कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता; आपण तो विसरता कामा नये.

आमची समाजबांधवांना व भगिनींना एवढीच विनंती आहे. प्रत्येक वस्तीत दहा-बारा जणांचा अभ्यासगट असावा. हवामानाची वा विजेची बातमी आली की त्याने तीन प्रश्न विचारावेत : आकडा कशाचा आहे? लाभ कोणाला? आणि किंमत कोण मोजणार? उत्तर मिळाल्यावर मान डोलवावी किंवा हलवावी. तोवर दोन्हींची घाई नको.