सोमवारचे स्क्रू

सकाळी ६.३०

रात्रभर पाऊस पडून गेलाय. जे. पी. नगरच्या सहाव्या फेजमध्ये आमच्या घराखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात माझं बाक आहे. त्यावर वाइस आणि दिवा, भिंतीला छोट्या डब्यांची फळी. रेडिओ कंट्रोलच्या गाड्या दुरुस्त करणं हे माझं काम. रविवारी लोक रिकाम्या प्लॉटवर गाड्या पळवतात आणि सोमवारी त्या इथं येतात. आज तीन आल्यात. तिन्ही लाल मातीनं माखलेल्या.

आधी पाणी नाही, ब्रश. स्क्रूच्या डोक्यातलं भोक चिखलानं भरलेलं असलं की चावी अर्धीच आत जाते, आणि अर्ध्या चावीवर जोर दिला की षटकोनाचे कोपरे गेलेच. म्हणून दाताच्या कोरणीनं एकेक डोकं साफ करतो. तासभर जातो यात. जाऊ दे.

७.४५

पहिली गाडी दगडांवर चढणारी क्रॉलर. खालच्या शॉकचा स्क्रू निघेना, म्हणून मालकानं घरीच जोर लावलेला. डोकं आतून गोल झालंय. हा एम ३ चा बटन हेड. दिसायला सुरेख, कुठं अडकत नाही, म्हणून या गाड्यांत सगळीकडे तोच. पण त्याला २ मिलिमीटरची चावी लागते. त्याच एम ३ च्या उंच, गोल डोक्याच्या एलन स्क्रूला २.५ ची लागते. अर्ध्या मिलिमीटरनं काय होतं, असं वाटेल. चावीची पीळ सोसायची ताकद तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे २.५ ची चावी २ च्या जवळजवळ दुप्पट पीळ घेते. म्हणून जिथं डोक्याला जागा आहे तिथं मी बटन हेड काढून उंच डोक्याचा घालतो. टिकाऊ स्क्रूची माझी व्याख्या एवढीच आहे: जो हवा तेव्हा परत निघतो.

हा कसा काढला? सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर टेकवलं. थ्रेडलॉकचा निळा गोंद आत होता, तो उष्णतेनं सैल पडतो. मग टॉर्क्सची टी-१० बिट हातोडीनं हलकी ठोकून बसवली आणि दाब न सोडता फिरवली. कुरकुरला, पण आला.

९.२०

दुसरी जुनी अमेरिकन बग्गी, १९८४ च्या आरसी१० च्या घराण्यातली. पुढचा एक स्क्रू सारखा सैल होतोय, ही तक्रार. काढून कॅलिपर लावला आणि उलगडा झाला. या गाडीत ४-४० चे इंची स्क्रू असतात: जाडी २.८४ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर ०.६३५. कोणीतरी तिथं एम ३ घातलाय, ज्याचं अंतर ०.५. दोन आटे बसतात, मग जड जातं, माणसाला वाटतं घट्ट झालं. खरं तर तो भोकातले आटे कापत असतो. आता या भोकात जुना इंची स्क्रूही धरणार नाही. एम ३ चा टॅप मारून ते भोक कायमचं मेट्रिक करायचं आणि मालकाला तसं चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

१०.३०

डब्यांत एम ३ × १२ संपलेत. जयप्रकाश नगर स्टेशनवरून हिरवी मेट्रो, के. आर. मार्केटला उतरून एस. पी. रोड. गल्लीत तारा, मोटारी, बेअरिंगं, नटबोल्ट. माणसाला वाट मिळणं मुश्कील. काउंटरवरचा भाऊ कन्नडात विचारतो, मी माझ्या बेळगावी वळणाच्या कन्नडात सांगतो: एम ३, बारा लांब, एलन, १२.९. तो दोन पुड्या पुढं सरकवतो. एक काळी, एक चकचकीत स्टेनलेस.

काळी पुडी १२.९ दर्जाची. बाराचा अर्थ चौरस मिलिमीटरला १,२०० न्यूटनपर्यंत तुटत नाही. नऊचा अर्थ त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जात नाही. एम ३ च्या आट्यांचं भरीव क्षेत्र जेमतेम पाच चौरस मिलिमीटर, म्हणजे एवढासा स्क्रू सहाशे किलोच्या आसपास ओढ सोसतो. नेहमीचं ए२-७० स्टेनलेस साडेतीनशेच्या आसपास.

अडचण अशी की मोठ्या बोल्टच्या डोक्यावर १२.९ कोरलेलं असतं, पण एम ५ पेक्षा बारीक स्क्रूवर ते कोरायची सक्ती नाही. पुडीवरच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो, आणि मी एकदा तसा ठेवून पस्तावलोय. एका पुरवठादाराचे ‘हाय टेन्साइल’ शंभर स्क्रू मी तीन गाड्यांत वापरले, आणि लोकांचा रविवार बुडाला. तेव्हापासून आधी दहा घेतो आणि त्यांतले काही तोडून बघतो.

दुपारी १.३०

भात-सार जेवून वाइसवर बसलो. स्क्रूला दोन नट लावून ते एकमेकांवर आवळले, नट वाइसमध्ये धरले आणि चांगल्या चावीनं पिळत गेलो. खोटा माल लगेच कळतो: षटकोन मेणासारखा पसरतो, चावी घसरते. खऱ्या मालात मनगटाला शेवटपर्यंत घट्टपणा लागतो आणि मग एकदम कट्कन आवाज होतो. आजचे तीनही कट्कन तुटले. उद्या शंभर आणीन.

पण मग सगळीकडे १२.९ च का घालू नये? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर पावसाळ्यात आहे. काळा रंग म्हणजे गंजापासून पक्कं संरक्षण नव्हे. पाण्यात गेलेली गाडी न पुसता ठेवली की आठवड्यात तांबूस पावडर धरते. प्लॅस्टिकच्या चासीत स्क्रू बसतो तिथं स्क्रू तुटायच्या कितीतरी आधी प्लॅस्टिकचेच आटे जातात. तिथली सहाशे किलोची ताकद वायाच, आणि गंजलेला स्क्रू काढताना प्लॅस्टिक खरवडून आणतो. तिथं स्टेनलेसच. मोटारीचा माउंट, ॲक्सल, ड्राइव्ह शाफ्ट अशा धातूवर धातू आणि सारखे धक्के असलेल्या जागी १२.९, आणि खेळून आल्यावर पुसून तेलाचा थेंब. स्टेनलेस ॲल्युमिनियममध्ये जाणार असेल तर आट्यांना ग्रीस, नाहीतर दोघं एकमेकांना चिकटून बसतात. जस्ताचा मुलामा दिलेला १२.९ मी घेत नाही. मुलाम्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरला तर स्क्रू ठिसूळ होतो आणि काही कारण नसताना तुटतो.

क्रॉलरवाल्याचा फोन आला, टायटॅनियम घालू का म्हणून. टायटॅनियम पोलादाच्या साधारण ५६ टक्के वजनाचं. शर्यतीच्या गाडीला घाला. दगडावर चढणाऱ्या गाडीला खाली वजन हवंच असतं. तिथं महाग धातू घालून तेच कमी कशाला करायचं?

३.१५

बेळगावहून आप्पांचा फोन. उद्यमबागेत त्यांनी आयुष्यभर लेथ चालवला. मी सकाळचा गोल झालेला स्क्रू सांगितला.

“चावी बघितलास काय?” त्यांनी विचारलं.

“चावी मालकाची होती, आप्पा. गाडीबरोबर आलेली, वाकडी.”

“मग स्क्रूला कशाला बोल लावतोस? चावीचं टोक घासून सपाट कर म्हणावं त्याला.”

बरोबर आहे. टोक गोल झालेली चावी नव्या स्क्रूलाही खाते. मी माझ्या चावीचं टोक दर महिन्याला ग्राइंडरवर हलकं धरतो, कोपरे परत धारदार होतात. धरताना तापून निळं पडू द्यायचं नाही, एवढंच.

४.००

जोडणी. मोटारीच्या दातेरी चाकाचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बरोबर आणून, निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब. हा गोंद फक्त धातूत. काही प्लॅस्टिकना त्यानं तडे जातात, म्हणून मी प्लॅस्टिकजवळ नेतच नाही. तिसऱ्या गाडीचं काम किरकोळ होतं, पाऊण तासात झालं.

६.४५

वरच्या मजल्यावरची दहा वर्षांची पोर आईबरोबर खाली आली, तिची छोटी गाडी घेऊन. तळाची झाकणी उघडून परत लावायची होती. “काका, मी लावू?”

तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. म्हटलं, “आधी उलटा फिरव.”

“उलटा? मग तो निघेल ना!”

“फिरव तर. बोटाला काय लागतं ते सांग.”

तिनं डोळे मिटले, हळूहळू डावीकडे फिरवलं. एका जागी स्क्रू किंचित खाली पडला. जुन्या आट्याचं तोंड त्याला सापडलं होतं.

“टक् झालं!”

“आता उजवीकडे. फक्त बोटांनी, मनगट नको.”

चार स्क्रू होते. चौथ्याला मी काही सांगितलं नाही. तिनं आपणहून डोळे मिटले आणि उलटा फिरवला.