तांबड्या-पांढऱ्याच्या गावात शाकाहारी जेवण

कोल्हापुरात बाहेर जेवायचे म्हणजे मटणाचे ताट आणि तांबडा-पांढरा रस्सा, अशी या शहराची ख्याती आहे. त्यामुळे शाकाहारी पाहुणा हॉटेलात शिरताना बिचकतो आणि मेनूकार्डावर पहिले दिसेल ते पनीर मागवून मोकळा होतो. पनीर मसाला किंवा ‘व्हेज कोल्हापुरी’ देशभर कुठेही मिळते. त्यासाठी कोल्हापूर गाठण्याची गरज नाही. मटणाच्या जागी बसवलेल्या भाजीपेक्षा मुळातच शाकाहारी असलेले इथले पदार्थ कितीतरी सरस आहेत.

त्यात पहिला मान मिसळीचा. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू आणि तर्रीदार कट, म्हणजे झणझणीत पातळ रस्सा. सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस, ही कोल्हापूरची खूण. उद्यमनगरातली फडतरे मिसळ, खासबाग आणि कसबा बावड्याची मिसळ ही नावे बाहेरगावच्या खवय्यांनाही पाठ आहेत. कट झेपत नसेल तर ‘कट वेगळा द्या’ म्हणावे. तो बाजूला वाटीत मिळतो. मिसळ हा सकाळचा पदार्थ, त्यामुळे दुपारी उशिरा गेल्यास ती संपलेली असू शकते. त्याच कटात बुडवलेला कट वडाही अनेक गाड्यांवर मिळतो. संध्याकाळी खासबाग मैदानाजवळची भेळ आणि गंगावेशीतला दूधकट्टा. दूधकट्ट्यावर म्हशी गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात येतो. तालमींच्या या गावात दुधाला जेवणाइतकीच प्रतिष्ठा आहे.

पोटभर जेवणासाठी अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या शाकाहारी खानावळी सोयीच्या, कारण तिथले मुख्य गिऱ्हाईक भाविक असतात. कोल्हापूर, सांगली, कराड या पट्ट्यातल्या ढाब्यांवर अख्खा मसूर आणि रोटी मागवावी. मसुराची ही घट्ट, झणझणीत आमटी पनीरपेक्षा स्वस्त आणि चवीला खूपच अस्सल. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, खर्डा आणि दही मिळते. नरसोबावाडी दत्ताचे क्षेत्र असल्याने तिथे शाकाहारी जेवणाची चिंताच नाही. कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत त्या भागात जरूर खावे, आणि वाडीची बासुंदी चुकवू नये.

मांसाहारी हॉटेलातच बसायची वेळ आली तर रश्शाबाबत सावध राहावे लागते. तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से मटण शिजवलेल्या पाण्यावर, म्हणजे अळणीवर होतात. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध, खसखस, तीळ असल्याने तो दिसायला सात्त्विक वाटतो. प्रत्यक्षात तो मटणाचाच रस्सा असतो. भाजीची ग्रेव्ही वेगळी शिजते का, तळणाचे तेल आणि तवा वेगळा आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारावे. उत्तर देताना वाढपी अडखळला तर दही, भाकरी, खर्डा आणि साधा भात यांवर भागवलेले बरे. पाकीटबंद पदार्थांवर चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहाराची खात्री देतो, पण ताटात आलेल्या भाजीवर असा शिक्का नसतो.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. कोल्हापूरच्या जेवणाची चव ज्या चटणीवर उभी आहे, त्या घरोघरी वर्षभरासाठी करून ठेवलेल्या कांदा-लसूण चटणीतच दोन्ही कुटलेले असतात. म्हणजे मिसळ, कट वडा, अख्खा मसूर हे सगळे एका झटक्यात बाद. वरून कांदा घालू नका म्हणून सांगितल्याने काहीच साधत नाही. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या जैनांना उपवासाची साबुदाणा खिचडीही चालत नाही, कारण तिच्यात बहुधा बटाटा असतो. जिल्ह्यात, विशेषतः शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत, जैन समाज मोठा आहे, त्यामुळे ‘जैन’ हा शब्द इथल्या शाकाहारी हॉटेलांना समजावून सांगावा लागत नाही. मात्र तयार ग्रेव्हीतून कांदा काढता येत नाही. भाजी नव्याने फोडणीला टाकावी लागते. म्हणून गर्दीच्या वेळेआधी जावे, आणि बसताक्षणी सांगावे. कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्री जाणाऱ्यांना तिथल्या भोजनालयात हा प्रश्न पडत नाही.