दिवसाला २७७ व्हिसा, १,६०० मालकांमागे एक तपासनीस

परदेशातून २७५ कामगार बोलावण्याची परवानगी ब्रिटनच्या गृहखात्याने एका केअर होमला दिली. ते केअर होम अस्तित्वातच नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीने परवाना घेताना आपल्याकडे चार माणसं कामाला असल्याचं लिहून दिलं होतं. तिच्या पदरात १,२३४ परवानग्या पडल्या. हे आकडे विरोधी पक्षाच्या सभेतले नाहीत, सीमा आणि स्थलांतर खात्याचे तेव्हाचे मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांच्या अहवालातले आहेत. नील यांना वेगळ्याच एका कारणावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये घरी बसवण्यात आलं. त्यांचा अहवाल बाहेर आला तो त्यानंतर, मार्चमध्ये.

केअर वर्कर म्हणजे नर्स नव्हे. आपल्याकडे ब्यूरोतून येणाऱ्या मावशी करतात तेच हे काम: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, अंघोळ घालायची, डायपर बदलायचा, भरवायचं, गोळ्या वेळेवर द्यायच्या. मार्च २०२२ च्या सुमारास एकट्या इंग्लंडमध्ये या क्षेत्रातल्या १,६५,००० जागा रिकाम्या होत्या. कारण उघड होतं. पगार किमान वेतनाच्या आसपास आणि काम कंबरडं मोडणारं. आधी युरोपातली माणसं व्हिसाशिवाय येऊन काम करू शकत होती. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन राहिलेल्या गोवेकरांनाही कुणी व्हिसा विचारत नव्हतं. ब्रेक्झिटनंतर, ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री, नव्याने येणाऱ्यांसाठी तो दरवाजा बंद झाला आणि वर्षभरात केअर होमचे मालक सरकारच्या दारात उभे राहिले.

सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ पासून केअर वर्करना वर्क व्हिसा खुला केला. वर्षाला फार तर ६,००० माणसं येतील, असा गृहखात्याचा अंदाज होता. सप्टेंबर २०२३ ला संपलेल्या एका वर्षात दिले गेलेले व्हिसा होते सुमारे १,०१,०००, म्हणजे दिवसाला २७७. रविवार, नाताळ, सगळे दिवस धरून. वर्षाचा म्हणून बांधलेला अंदाज २२ दिवसांत संपत होता. शिवाय याच वर्षात या कामगारांच्या बायका, नवरे आणि मुलं मिळून आणखी सुमारे १,२०,००० जणांना व्हिसा मिळाला. भारत, नायजेरिया आणि झिम्बाब्वे हे तीन देश यादीत आघाडीवर होते.

अंदाज चुकतात, त्यात विशेष काही नाही. सतरा पटींनी चुकलेला अंदाज दिसत असूनही कुणी वेग कमी केला नाही, हे विशेष आहे. तो कमी होणार तरी कसा? गेटवरचा पहारेकरी म्हणून सरकारने मालकालाच नेमलं होतं.

ही व्यवस्था चालते कशी, ते बघा. मालकाने आधी स्पॉन्सर लायसन्स काढायचं. ते मिळालं की त्याला सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेत खातं मिळतं. त्यात लॉगिन करून तो कामगाराचं नाव, पासपोर्टचा तपशील, कामाचा प्रकार, आठवड्याचे तास आणि पगार टाकतो, शुल्क भरतो. पडद्यावर एक क्रमांक उमटतो. हेच सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. हातात धरण्यासारखा कागद नसतोच. तीन महिन्यांच्या आत त्या क्रमांकावर व्हिसाचा अर्ज करायचा. लाखांच्या उलाढाली झाल्या त्या या क्रमांकाच्या.

आणि या मालकांवर नजर ठेवायला किती माणसं? नील यांच्या अहवालानुसार १,६०० मालकांमागे एक तपासनीस. एका तलाठ्याच्या गळ्यात १,६०० गावांची दप्तरं बांधण्यातला हा प्रकार. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरा आणि रोज एका मालकाकडे तो जातो असं माना. शेवटच्या मालकाच्या दारात पोचायला त्याला सात वर्षांहून जास्त लागतील. लायसन्सची मुदत तेव्हा चार वर्षांची होती.

आता पगाराचा हिशेब. सुरुवातीची अट होती वर्षाला किमान २०,४८० पौंड, ताशी १०.१० पौंड. आठवड्याला ३९ तास आणि वर्षाला ५२ आठवडे धरले की गुणाकार जवळजवळ जुळतो: आठवड्याला ३९३.९० पौंड. हे झालं सर्टिफिकेटवर. प्रत्यक्षात अनेकांना तिथे पोचल्यावर कळलं की मालकाकडे तेवढं कामच नाही. आठवड्याला १२ तास मिळाले तर हातात १२१.२० पौंड. त्यातून खोलीचं भाडं, बसभाडं, घरी पाठवायचे पैसे आणि कर्जाचा हप्ता.

कर्ज कशाचं? व्हिसाचं सरकारी शुल्क सुरुवातीला २३२ पौंड होतं, सर्टिफिकेटचं १९९. दोन्ही मिळून ४३१ पौंड, म्हणजे अंदाजे ४५ हजार रुपये. एजंटांनी आणि काही मालकांनी मात्र लोकांकडून हजारो पौंड उकळले. २०,००० पौंडांपर्यंतची प्रकरणं उघडकीला आली आहेत. वर्षाचा पगार २०,४८० आणि ती नोकरी मिळवण्याची किंमत २०,०००! शेत गहाण टाकून किंवा दागिने विकून गेलेला माणूस मग मालकासमोर तोंड कसं उघडणार? त्याचा व्हिसाच त्या मालकाच्या नावावर. आधुनिक गुलामगिरीविरोधात हेल्पलाइन चालवणाऱ्या ‘अनसीन’ या संस्थेकडे केअर क्षेत्रातली २०२१ मध्ये १५ प्रकरणं नोंदली गेली होती, २०२२ मध्ये १०६.

उशिरा का होईना, सरकार जागं झालं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांची लायसन्स रद्द झाली. त्यांच्याशी जोडलेले कामगार होते सुमारे ३९,०००. इथे नियमाची खरी धार दिसते. फसवणूक मालकाची, आणि नोटीस कामगाराला: ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाही तर देश सोडा. अशांना नवी नोकरी मिळवून देण्यासाठी सरकारने २०२४-२५ मध्ये १.६ कोटी पौंडांचा निधी ठेवला. ‘वर्क राइट्स सेंटर’ने माहितीच्या अधिकारात काढलेल्या आकड्यांनुसार मे २०२४ पासूनच्या वर्षभरात सुमारे २८,००० जणांना मदतीसाठी पाठवण्यात आलं. नवी नोकरी लागली ९४१ जणांना. शंभरातल्या तिघांना.

मग दरवाजे एकेक करून बंद झाले. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करना कुटुंब नेता येईना. महिन्याला १८,००० वर गेलेले आरोग्य आणि केअर व्हिसाचे अर्ज तीन हजारांच्या आत आले. एप्रिल २०२५ मध्ये ताशी किमान पगार १२.८२ पौंड झाला आणि इंग्लंडमधल्या मालकांना आधी स्पॉन्सर गमावलेल्या कामगारांमधून माणूस शोधण्याची सक्ती झाली. २२ जुलै २०२५ ला परदेशातून भरती बंदच केली गेली. इंग्लंडमध्ये २०२४-२५ मध्ये सरासरी १,११,००० जागा रिकाम्या होत्याच. म्हाताऱ्यांची संख्या काही नियम बघून कमी होत नाही.

जे तिथे आहेत त्यांच्यापुढे आता वेगळाच आकडा आहे. २०२२ ते २०२४ या काळात आरोग्य आणि केअर व्हिसावर कुटुंबासह आलेल्यांची सरकारने सांगितलेली संख्या आहे ६,१६,०००. ते आले तेव्हा कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षांनी अर्ज करता येत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने मांडलेल्या प्रस्तावात पदवीखालच्या कामांसाठी ही मुदत १५ वर्षांची आहे. पस्तिशीत गेलेली बाई पन्नाशीला अर्ज करणार. खेळ अर्ध्यावर असताना नियम बदलणं हे कोणत्याही सरकारला शोभणारं नाही, आणि ज्यांच्याकडून आपल्या आईवडिलांची शुश्रूषा करून घेतली त्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

एजंटांवर राग काढणं सोपं आहे. त्यांनी लुबाडलं हे खरंच. पण न बांधलेल्या केअर होमला २७५ परवानग्या कुठल्या एजंटाने दिल्या नव्हत्या.

आपल्या गावात, ओळखीत कुणी लंडनच्या ‘केअर व्हिसा’साठी पैसे जमवत असेल तर त्याला एवढं जरूर सांगा. २२ जुलै २०२५ नंतर भारतातून केअर वर्कर किंवा सीनियर केअर वर्कर म्हणून नव्याने जाण्याचा मार्ग बंद आहे. ब्रिटनमध्ये आधीपासून असलेल्यांना तिथल्या तिथे या व्हिसावर येण्याची सवलत आहे, तीही अटींसह, २२ जुलै २०२८ पर्यंत. लायसन्स असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते, पण यादीत नाव आहे म्हणून मालक खरा असं समजू नका. सर्टिफिकेटचं शुल्क मालकाने भरायचं असतं. ते कामगाराकडून वसूल करायला आता बंदी आहे. तरीही कुणी क्रमांक विकायला आला तर त्याला एक रुपयाही देऊ नका, आणि दिला असेल तर पोलिसांत तक्रार करा.