व्यावसायिक बास्केटबॉलपटूची घडण आणि उपजीविका : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना

'व्यावसायिक खेळाडू' ही संज्ञा मराठीत सर्रास वापरली जात असली, तरी तिचे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. ज्याची उपजीविका प्रत्यक्ष खेळण्यावर चालते, तो पहिल्या अर्थाने व्यावसायिक होय. खेळातील गुणवत्तेमुळे ज्याला रेल्वेत, बँकेत, पोलीस दलात किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमात नोकरी मिळाली आहे, तो दुसऱ्या अर्थाने. पहिल्याला खेळाचा मोबदला मिळतो. दुसऱ्याला वेतन मिळते आणि खेळण्यासाठी सवलत मिळते. भारतीय बास्केटबॉलच्या बाबतीत ही संज्ञा जवळजवळ नेहमीच दुसऱ्या अर्थाने खरी ठरत आली आहे. प्रस्तुत लेखात हा फरक काही खेळाडूंच्या कारकिर्दीच्या आधारे स्पष्ट करण्यात आला आहे.

हा विषय साजगाव, खोपोली, कर्जत या परिसरातील महाविद्यालयांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. घाटाच्या पायथ्याचा हा पट्टा मुंबई आणि पुणे या महाराष्ट्रातील दोन प्रमुख बास्केटबॉल केंद्रांच्या मधोमध आहे. तरीही येथील मैदानी संस्कृती कबड्डीची आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कबड्डीला सपाट मातीचे मैदान पुरते. बास्केटबॉलला २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असे पक्के क्रीडांगण आणि ३.०५ मीटर उंचीवर बसविलेली कडी लागते. खालापूर तालुक्यातील पाऊस लक्षात घेता छप्पर नसलेले असे क्रीडांगण वर्षातील चार महिने निरुपयोगीच असते. असे असले तरी एखादा उंचापुरा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी प्रथम वर्षाला प्रवेश घेते आणि 'या खेळात पुढे काय?' असा प्रश्न शारीरिक शिक्षण संचालकांसमोर येतो. त्या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात दिले, तर त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

नागपाड्याची परंपरा

जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत हा खेळ तयार केला, तो हिवाळ्यात बंद जागेत विद्यार्थ्यांना व्यायाम व्हावा म्हणून. त्यामागे कोणताही व्यवसाय नव्हता. भारतातही तो वायएमसीए आणि मिशनरी संस्थांच्या मार्गानेच आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा या प्रसारात मोठा वाटा आहे.

मुंबईत या खेळाचे नाव नागपाड्याशी जोडले गेले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात या दाट, श्रमिक वस्तीत 'नागपाडा नेबरहुड हाउस' ही समाजकार्य संस्था उभी केली. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना हे नाव दुसऱ्या संदर्भात परिचित असेल. १९३६ मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालयाचे, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पूर्वरूपाचे, काम प्रथम याच वास्तूत चालले आणि मॅनशार्ट हेच तिचे पहिले संचालक होते. ज्या वस्तीत भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा पाया घातला गेला, त्याच वस्तीत बास्केटबॉल रुजावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. दाटीवाटीच्या मोहल्ल्यात क्रिकेटला जागा नसते. एक कडी आणि फरसबंद चौक मात्र मिळू शकतो.

या नागपाड्यातून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव गुलाम अब्बास मुंतसिर यांचे. त्यांनी भारताचे कर्णधारपद भूषविले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या काळातील भारतीय बास्केटबॉलची पातळी आजच्या मानाने उंच होती. १९७५ च्या बँकॉक येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला. पुढे १९८० मध्ये अनेक देशांनी बहिष्कार टाकलेल्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष संघाला प्रवेश मिळाला व तो बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. त्यानंतर भारताचा पाच जणांचा बास्केटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. मुंतसिर यांच्या पिढीसमोर देशात व्यावसायिक लीग नव्हती, लिलाव नव्हता आणि परदेशी क्लबची वाटही नव्हती. कंपन्या, बँका आणि रेल्वे यांचे संघ हीच या खेळाची अर्थव्यवस्था होती. खेळाडूला मान होता, संघाला प्रेक्षक होते. पण खेळाला स्वतःचे उत्पन्न नव्हते.

रेल्वेचा आधार आणि महिला खेळाडू

या व्यवस्थेला कमी लेखणे मात्र अन्यायाचे ठरेल. महिला बास्केटबॉल देशात टिकून राहिले, ते प्रामुख्याने रेल्वेमुळे. तमिळनाडूची अनिता पॉल दुराई ही दक्षिण रेल्वेची खेळाडू दीर्घकाळ भारताकडून खेळली, अनेकदा कर्णधार झाली आणि २०२१ मध्ये पद्मश्रीची मानकरी ठरली. केरळची गीतू ॲना जोस हीदेखील दक्षिण रेल्वेचीच. २००० च्या दशकात ती मेलबर्नच्या रिंगवुड हॉक्स या क्लबकडून खेळली. २०११ मध्ये अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या महिला व्यावसायिक लीगच्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले. करार मात्र झाला नाही, आणि ती भारतात परतली. परतण्यासाठी तिच्यामागे नोकरी होती, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे. हातात नोकरी असल्यामुळेच तिला हा प्रयत्न करून पाहता आला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या परंपरेतील अलीकडचे महत्त्वाचे नाव पुण्याच्या शिरीन विजय लिमये हिचे आहे. जुलै २०१७ मध्ये बंगळूर येथे झालेल्या महिला आशिया चषकाच्या 'ब' विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे नमवून 'अ' विभागात प्रवेश मिळविला. त्या संघात ती होती. २०२१ मध्ये जॉर्डनमधील अम्मान येथे 'अ' विभागाच्या स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती. जपान, कोरिया अशा संघांपुढे भारताचा निभाव लागला नाही. संघ आठव्या स्थानावर राहून पुन्हा 'ब' विभागात गेला. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतही तिच्याच नेतृत्वाखाली संघाने गटातील दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरी गाठली.

एका मराठी मुलीने भारताचे नेतृत्व दोन मोठ्या स्पर्धांत करावे आणि तिचे नाव राज्यातील बहुसंख्य महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ऐकलेलेही नसावे, यात वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांचा दोष आहेच. परंतु ज्या खेळात वर्षभर चालणारी स्पर्धा नसते, त्या खेळाडूंची ओळख लोकांना वर्षातून आठ-दहा दिवसच होते, हे कारण अधिक खोलवरचे आहे.

सतनाम सिंग : पहिल्या अर्थाची परीक्षा

पहिल्या अर्थाने व्यावसायिक होण्याचा सर्वांत मोठा भारतीय प्रयत्न पंजाबमध्ये झाला. सतनाम सिंग भामरा याचा जन्म १९९५ मध्ये बल्लो के या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. वडील स्वतः विलक्षण उंच. मुलाची उंची पाहून त्याला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत पाठविण्यात आले आणि प्रशिक्षक एस. सुब्रमणियन यांच्या हाताखाली तो तयार झाला. २०१० मध्ये, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, त्याला शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील आयएमजी अकादमीत प्रवेश मिळाला. तेथे पोहोचला तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते.

अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू घडतो तो बहुतांशी विद्यापीठांच्या संघांतून, आणि त्या संघांत खेळण्यासाठी अभ्यासक्रमातील ठरावीक पात्रता पूर्ण करावी लागते. सतनामला ती पूर्ण करता आली नाही. त्यामुळे महाविद्यालयात एकही सामना न खेळता तो थेट एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, उतरला. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्या दिवशी देशभर आनंद व्यक्त झाला. त्या क्रमांकाचा अर्थ मात्र फारसा कोणी समजावून सांगितला नाही.

तो अर्थ असा. ड्राफ्टमध्ये त्या वर्षी दोन फेऱ्यांत ६० खेळाडू निवडले गेले. पहिल्या फेरीतील ३० जणांना नियमानुसार हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतील खेळाडूवर संघाचा केवळ हक्क प्रस्थापित होतो. करार द्यायचा की नाही, हे संघ ठरवितो. तीस संघांत प्रत्येकी पंधरा या हिशेबाने मुख्य करार साधारण ४५० असतात आणि त्यांसाठी जगभरातून खेळाडू येतात. सतनामला डॅलसच्या मुख्य संघात जागा मिळाली नाही. तो दोन हंगाम त्यांच्या दुय्यम पातळीवरील टेक्सास लेजंड्स या संघात राहिला, तेथेही त्याला मैदानावर फार वेळ मिळाला नाही. एनबीएचा एकही नियमित सामना न खेळता तो भारतात परतला, २०१८-१९ च्या हंगामात कॅनडातील एका संघाकडून खेळला, २०२० मध्ये उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांखाली त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, आणि २०२१ मध्ये त्याने अमेरिकेतील एका व्यावसायिक कुस्ती कंपनीशी करार केला. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत त्याचे बास्केटबॉल जवळजवळ संपले होते.

या कारकिर्दीला अपयश म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. २.१८ मीटर उंचीचा खेड्यातला मुलगा, घरात कोणालाही न येणाऱ्या भाषेत शिकत, पाच वर्षांत जगातील सर्वांत कठीण निवडप्रक्रियेपर्यंत पोहोचला. त्याच्याजवळ नव्हती ती खेळाखेरीज दुसरी वाट. विद्यापीठात प्रवेश झाला असता, तर त्याला चार वर्षांचा सामन्यांचा अनुभव आणि सोबत पदवी मिळण्याची शक्यता होती. वर्गातील उणीव मैदानावर किती महाग पडते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

देशातील लीग आणि कबड्डीशी तुलना

देशांतर्गत लीग उभारण्याचे प्रयत्नही झाले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये 'पुणे पेशवाज' आणि 'मुंबई चॅलेंजर्स' हे महाराष्ट्राचे दोन संघ होते. २०१७ नंतर ती लीग थांबली. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने आयएनबीएल ही लीग सुरू झाली आणि तिच्यात 'मुंबई टायटन्स' हा संघ उतरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळी येथे एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्स आणि इंडियाना पेसर्स हे ते संघ. किंग्सचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. संगणक उद्योगात मोठे यश मिळवून त्यांनी २०१३ मध्ये हा संघ घेतला. थोडक्यात, एनबीएत मराठी आडनाव पोहोचले ते मालकाच्या खुर्चीपर्यंत. खेळाडूच्या पाठीवर ते अद्याप दिसलेले नाही.

याच काळात कबड्डीने काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. २०१८ च्या लिलावात एका खेळाडूची बोली दीड कोटी रुपयांच्या पुढे गेली, आणि २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला १ कोटी ४५ लाख रुपये मिळाले. दूरचित्रवाणीचा पैसा हे यामागचे कारण आहेच. पण तो पैसा आला, कारण गावोगावी खेळ समजणारा प्रेक्षक आधीच तयार होता आणि भारतीय खेळाडू जगात सर्वोत्तम होते. बास्केटबॉलची स्थिती याच्या उलट आहे. जगातील सर्वोत्तम खेळ घरबसल्या पडद्यावर दिसतो. त्यापुढे देशातील सामना प्रेक्षकाला फिका वाटतो. रायगडमधील मुलाने कबड्डीची निवड करणे हे आजच्या घडीला म्हणूनच केवळ परंपरेचे पालन नसून आर्थिकदृष्ट्याही शहाणपणाचे आहे.

तरीही ज्या विद्यार्थ्याला बास्केटबॉलच खेळायचे आहे, त्याच्यासाठी वाट बंद नाही; मात्र ती कालबद्ध आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी साधारणपणे १८ ते २५ ही वयोमर्यादा असते, आणि कोणत्या श्रेणीचे पद मिळणार, हे स्पर्धेच्या दर्जाबरोबरच शैक्षणिक पात्रतेवरही ठरते. म्हणजे पदवीच्या तीन-चार वर्षांतच आंतरविद्यापीठ आणि राज्य पातळीवरील प्रमाणपत्रे मिळवावी लागतात, आणि त्याच वर्षांत परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. स्पर्धेच्या तारखा आणि सत्र परीक्षेच्या तारखा एकमेकींवर आल्या की विद्यार्थी बहुधा एक सोडून देतो. कोणती सोडावी, हा निर्णय त्याच्या एकट्यावर येतो. क्रीडा विभाग आणि परीक्षा विभाग यांच्यात जुलैमध्येच वेळापत्रकाचा मेळ घातला गेला, तर तो प्रसंग पुष्कळदा उद्भवतच नाही.