पंचशील फक्त वंदनेपुरतं की रोजच्या जगण्यासाठी? बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा समजून घ्या

१४ ऑक्टोबर आला की सोशल मीडियावर दीक्षाभूमीच्या स्तूपाचे फोटो आणि 'नमो बुद्धाय, जय भीम'च्या पोस्ट दिसू लागतात. १९५६ साली याच तारखेला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या दिवशी लाखो लोकांनी नेमकं काय कबूल केलं आणि त्याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध आहे, हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

त्या दिवशी काय झालं?

बाबासाहेब आणि माईसाहेब आंबेडकर यांना भदंत चंद्रमणी महास्थवीर यांनी त्रिशरण आणि पंचशील दिलं. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः आपल्या अनुयायांना दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. भिक्खू नसलेल्या, संसारी माणसाने इतक्या मोठ्या समुदायाला दीक्षा देणं ही वेगळीच गोष्ट होती. हा धम्म विहारातल्या भिक्खूंइतकाच शेतमजूर, गिरणी कामगार आणि घर चालवणाऱ्या बाईचाही आहे, हे त्यातून दिसलं.

पंचशील असताना २२ प्रतिज्ञा कशासाठी?

जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहायचं, हे पंचशील. यातल्या चोरी, व्यभिचार, खोटं आणि दारू न करण्याच्या गोष्टी २२ प्रतिज्ञांमध्येही स्वतंत्रपणे येतात. सर्व प्राण्यांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे.

पण प्रतिज्ञा त्याच्या पुढे जातात. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. आठवी ब्राह्मणांकडून कोणतंही क्रियाकर्म करून न घेण्याची आहे. नववी सर्व माणसं समान आहेत असं मानण्याची, तर दहावी समता प्रस्थापित करण्यासाठी प्रयत्न करण्याची. म्हणजे समता मनात मानून भागत नाही, त्यासाठी काहीतरी करावंही लागतं.

यामागचा विचार बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सापडतो. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मांडणी साधी आहे: माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्म लागतोच. त्यामुळे शील ही फक्त स्वतःच्या पुण्याची बाब राहत नाही. समोरच्या माणसाशी आपण कसं वागतो, यावर ते तपासलं जातं.

मग घरात काय बदललं?

सर्वात ठळक बदल लग्नात दिसतो. बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील घेतलं जातं आणि वधू-वर एकमेकांना वचन देतात. या वचनांचा आधार सिगालोवाद सुत्तात आहे. पत्नीचा सन्मान करायचा, तिचा अपमान करायचा नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहायचं आणि घरचा कारभार तिच्या हाती द्यायचा, ही पतीची कर्तव्यं त्यात सांगितली आहेत. चार लोकांसमोर नवरदेवाने हे कबूल करणं याला आजही अर्थ आहे.

दुसरा बदल वाचनाचा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात अनेक विहारांमध्ये रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर गर्दी असते. हार-फुलं आणि मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणा, हे आवाहन तर सोशल मीडियावरूनच पसरलं.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यातले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. बौद्धांमधलं साक्षरतेचं प्रमाण ८१ टक्क्यांहून जास्त, तर देशाचं सुमारे ७३ टक्के होतं. दर हजार पुरुषांमागे बौद्धांमध्ये ९६५ स्त्रिया होत्या, तर देशात ९४३.

याचं सगळं श्रेय धर्मांतराला देता येणार नाही. शिक्षण संस्था, वसतिगृहं, आरक्षण आणि शहरांकडे झालेलं स्थलांतर यांचाही त्यात वाटा आहे.

शिवाय धर्मांतराची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता. केंद्राच्या पातळीवर तो मिळण्यासाठी १९९० साल उजाडावं लागलं. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षं.

आज आपण काय करू शकतो?

अष्टांगिक मार्गातली 'सम्यक वाचा' मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकासाठी आहे. खोटं बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, वायफळ बडबड करू नये, असे तिचे चार भाग. खात्री न केलेला फॉरवर्ड, दोन गटांना भिडवणारा स्क्रीनशॉट, कमेंटमधली शिवीगाळ आणि उगाच ताणलेला वाद हे चारही त्यात येतात. पोस्ट टाकण्याआधी हे चार प्रश्न विचारायला दहा सेकंद पुरतात.

'सम्यक आजीविका' पोटापाण्याबद्दल बोलते. शस्त्रं, माणसं, मांस, नशेचे पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असं बुद्धवचन आहे. आजच्या भाषेत प्रश्न असा: आपली कमाई दुसऱ्याच्या नुकसानीवर उभी आहे का?

सर्वात अवघड परीक्षा मात्र नवव्या आणि दहाव्या प्रतिज्ञेची आहे. बौद्ध झालेल्या कुटुंबांतही लग्न जुळवताना आधीची जात, पोटजात अनेकदा विचारली जाते. कर्ज काढून थाटामाटात लग्नं होतात. घरात दारू असते आणि बाहेर पंचशील म्हटलं जातं. हे बदलायला नवा कायदा लागत नाही. स्थळ बघताना जात न विचारणं, लग्नाचा खर्च कमी करून तो पैसा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवणं, घरातली दारू बंद करणं, हे निर्णय प्रत्येक घर आजच घेऊ शकतं. दहाव्या प्रतिज्ञेतल्या 'प्रयत्न' या शब्दात हे सगळं येतं.