आरागोनची सामाईक शेती

१९३६ च्या जुलैत स्पेनच्या सेनापतींनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड पुकारले आणि सारागोसा शहर बंडखोरांच्या हाती गेले, तेव्हा दुरुतीच्या नेतृत्वाखाली बार्सेलोनाहून निघालेली अराज्यवादी पथके त्या शहरापर्यंत पोहोचू शकली नाहीत. परंतु ज्या आरागोन प्रांतात त्यांची आघाडी स्थिरावली, तेथील गावोगावचे जमीनदार व अंमलदार परागंदा झाल्यामुळे, कोणत्याही सरकारी फर्मानाची वाट न पाहता, सामाईक मालकीच्या शेतीचा एक विलक्षण प्रयोग तेथे सुरू झाला.

मालकीचे जुने दस्तऐवज अनेक गावांत चौकात जाळण्यात आले. जमीन, खेचरे, नांगर व तेलाचे घाणे एकत्र झाले. कष्टकऱ्यांच्या टोळ्या पडल्या, प्रत्येक टोळीने आपला प्रतिनिधी निवडला, आणि कित्येक ठिकाणी चर्चची इमारत धान्याचे कोठार बनली. पुष्कळ गावांनी चलनच रद्द करून कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे वाटप ठरवले. या सामाईक शेतीबाहेर राहणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या कुटुंबाच्या बळावर कसता येईल तेवढी जमीन ठेवण्याची मुभा असे. मजूर लावण्याची मात्र नसे.

ही मुभा सर्वत्र खरी होती, असे मला म्हणवत नाही. शस्त्रधारी पथके शेजारी असताना दिलेल्या संमतीत भयाचा अंश किती होता हे मोजता येत नाही, आणि त्या उन्हाळ्यात झालेल्या हत्यांचे समर्थन कोणत्याही ध्येयाने होत नाही. तथापि केवळ धाकाने पेरण्या व कापण्या वेळेवर होत नसतात. १९१० पासून राष्ट्रीय श्रमिक महासंघ या अराज्यवादी कामगार संघटनेने केलेल्या प्रचाराची आणि भूमिहीनांच्या पिढीजात भुकेची साक्ष त्या शेतांत होती, असे मी निःसंकोचपणे मानतो.

प्रांताचा कारभार पाहण्यासाठी १९३६ च्या ऑक्टोबरात स्थापन झालेल्या आरागोन परिषदेचे अध्यक्षपद होआकिन आस्कासोकडे होते. कास्पे येथे १९३७ च्या फेब्रुवारीत सामूहिक शेतींचा प्रांतिक संघही बांधला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रजासत्ताकाच्याच सरकारने परिषद बरखास्त केली, आणि कम्युनिस्ट सेनानी लिस्टरच्या सैन्याने सामूहिक शेती मोडून जमिनी व अवजारे पूर्वीच्या मालकांच्या हवाली केली. शेतीची घडी विस्कटताच यांपैकी काही संस्था पुन्हा उभ्या राहू देणे अधिकाऱ्यांना भाग पडले, यापेक्षा बोलके प्रशस्तिपत्र मला दिसत नाही. १९३८ च्या मार्चमध्ये बंडखोरांचा सेनापती फ्रँको याच्या फौजा आरागोनमध्ये घुसल्या, आणि उरलेल्या सामूहिक शेतींचाही शेवट झाला.